ऑर्गनच्या जागी

३ मार्च, मंगळवार

स्केटिंग हॉलचा मॅनेजर आज घरी येऊन गेला. हातात फळांची पिशवी होती, तेव्हा काहीतरी वाईट सांगायला आलाय हे मी दारातच ओळखलं. ह्यांच्या तब्येतीची चौकशी झाली, झटक्यानंतर डावा हात किती हलतो ते बघून झालं, चहा झाला, आणि मग माझ्याकडे वळून म्हणाला, "काकू, शनिवारचं काय करायचं? ऑर्गनशिवाय स्केटिंग होत नाही."

ते खरंच आहे. शंभर माणसं चाकांवर गोल फिरायला लागली की लाकडी फरशीवरून अशी घरघर उठते की साधं वाद्य त्यात बुडून जातं. ऑर्गन बुडत नाही. त्याचा सूर दाबून धरला की धरलेला, लोक त्याच्या जोरावर पाय टाकतात. तीस वर्षं दर शनिवारी दुपारी हे ऑर्गनवर, शेजारी मी पेडल स्टील गिटारवर, आणि मागे ड्रमवर टिकटिक. हे ड्रमवाल्याचं नाव, ह्यांनीच ठेवलंय. घड्याळ चुकेल, पण तो चुकणार नाही. गाण्याची चाल माझ्याकडे आणि खालचा सगळा भराव ह्यांच्याकडे, अशी आमची वाटणी.

"नाहीतर मी टेप लावतो," मॅनेजर म्हणाला.

"ऑर्गन मिळेल तुम्हाला," मी म्हटलं. "फक्त दोन शनिवार थांबा." कुठून मिळेल, हे विचारायचं त्याला सुचलं नाही. मलाही तोवर सुचलेलं नव्हतं.

तो गेल्यावर हे म्हणाले, "काय करणारेस?" म्हटलं, "माझ्या स्टीलमधून ऑर्गन काढणार. तुमची जागा राखून ठेवते. हात बरा झाला की बसा परत." हे व्यायामासाठी दिलेला स्पंजचा चेंडू दाबत बसले. म्हणजे दाबायचा प्रयत्न करत बसले.

५ मार्च, गुरुवार

लेकीला फोनवर सांगितलं तर हसत सुटली. "आई, त्यापेक्षा मांजराला भुंकायला शिकव." कार्टीला आईची किंमतच नाही.

सकाळपासून बसले. माझं वाद्य म्हणजे दिसायला इस्त्रीचं टेबल, त्यावर दहा तारा ताणलेल्या. डाव्या हातात पोलादी कांडी, ती तारांवरून सरकवायची. उजव्या बोटांत नख्या, त्यांनी छेडायचं. डाव्या पायाखाली सूर बदलायची पेडलं, गुडघ्यांनी ढकलायच्या कळा, उजव्या पायाखाली आवाज कमीजास्त करायचं पेडल. ह्यांचा जुना विनोद आहे, हिचं नाक तेवढं रिकामं राहतं, म्हणून ते दुसऱ्याच्या कामात खुपसते.

पहिली अडचण ही की तार छेडली की ती टण्ण करते आणि लगेच मरायला लागते. ऑर्गन ना टण्ण करतो, ना मरतो. तासभर डोकेफोड केली. शेवटी हे खुर्चीतून म्हणाले, "पाय उचल. छेडताना आवाज पार बंद ठेव, आणि मग हळूहळू दाबत जा."

केलं, आणि टण्ण गेला! तार विझत गेली तशी मी पाय आणखी दाबत गेले, आणि सूर जागच्या जागी. "अगं बाई! अहो, आला की!" मी केवढ्यानं ओरडले.

"आला," हे म्हणाले.

८ मार्च, रविवार

काल हॉलमध्ये टेप लावली होती. टिकटिक सांगत होता, निम्मे लोक कठड्याला धरून उभे होते. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू?

आजचं काम कांडीचं. स्टीलची सगळी गंमत घसरण्यात आहे. एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना मधली वाट दाखवत जायचं, आणि पोचल्यावर कांडी किंचित हलवून सुराला थरथर द्यायची. ऑर्गनला हे दोन्ही येत नाही. एक पट्टी सोडली, दुसरी दाबली, संपलं. म्हणजे मला जे येतं तेच करायचं नाही. कांडी एका जागी मुकाट धरायची आणि तिथूनच पेडलांनी सूर बदलायचे. चाळीस वर्षांची सवय, हात आपोआप थरथरतो. हे प्रत्येक वेळी म्हणतात, "हललीस." मी एकदा वैतागून म्हटलं, "तुमचा हलत नाही आणि माझा थांबत नाही, काय करू?" बोलून गेले आणि जीभ चावली. पण हे हसले. मनाला लावून घेणाऱ्यांतले नाहीत, एक बरं आहे.

१० मार्च, मंगळवार

आज माझा सराव चालू असताना हे काठी टेकत उठले आणि ऑर्गनसमोर जाऊन बसले. बटण बंदच होतं. उजवा हात पट्ट्यांवर ठेवला.

"आता हे काय काढलंत?"

"काही नाही. उजवा तर चालतो ना माझा."

"चालतो म्हणून त्याला दमवायचा का? डॉक्टरांनी काय सांगितलंय?" डॉक्टरांनी उजव्याबद्दल काहीच सांगितलेलं नाही. पण मी अगदी रंगात आले होते, मधे अडथळा नको होता. "आणि बटण लावू नका हं, मला माझाच सूर कळत नाही मग."

नाही लावलं. मी थांबेपर्यंत तसेच मुक्या पट्ट्यांवर बोटं हलवत बसले. माझं कुठे चुकतंय ते ताडून बघत असणार. शिस्तीचा माणूस, आजारी असला म्हणून काय झालं!

१३ मार्च, शुक्रवार

टिकटिकनं हॉलवरून ह्यांचा फिरता स्पीकर आणून दिला. कपाटाएवढी लाकडी पेटी, आत भोंगा गरगर फिरतो, त्यानं आवाजाला लाट येते. ऑर्गनचं अर्धं रूप त्या लाटेत आहे. माझी तार त्यात जोडली आणि मला स्वतःलाच कळेना मी काय वाजवतेय. टिकटिक डोळे मिटून ऐकत होता. म्हणाला, "वहिनी, दादा बसलेत की हो."

दादा सोफ्यावर बसले होते.

भोंगा कधी सावकाश फिरवायचा, कधी जोरात. त्याचं एक बटण असतं, हे ते डाव्या हातानं खटकन पाडायचे. माझे सगळे अवयव आधीच कामाला लागलेले. हे म्हणाले, "बटण मी दाबत जाईन. तुझ्या शेजारी बसेन. तेवढ्याला उजवा पुरे."

पण दोन तास हॉलमधल्या त्या बाकावर पाठीला आधार नाही, वर तिथला गारठा. मी रेडिओवाल्याला बोलावून बटण माझ्या डाव्या गुडघ्यापाशी बसवून घेतलं. झकास सोय झाली. आता कुणावर अवलंबून राहायला नको.

१६ मार्च, सोमवार

एक गंमत कळली. ह्यांचा ऑर्गनचा भाग मी आता बोटाबोटाने बसवतेय, तर मधे मधे सगळी भोकं! चार मात्रा भरगच्च वाजवायचं आणि मग नुसता एक सूर धरून गप्प बसायचं. शेवटच्या वाल्ट्झमध्ये, त्या तीन मात्रांच्या संथ नाचगाण्यात, तर मधल्या अख्ख्या ओळीत काही म्हणजे काही नाही. तीस वर्षं मी शेजारी बसून वाजवलं आणि माझ्या लक्षातही आलं नाही. म्हटलं, "अहो, हा काय आळस? फुकटचा आराम करत होतात होय?"

"ती भरू नकोस," हे म्हणाले. "तिथे जागा आहे."

"कशाची जागा?"

"असू दे."

हे असं अर्धवट बोलायची ह्यांना भारी हौस. मी सगळी भोकं बुजवून टाकली. आता कसं, ऐकणाऱ्याला कुठेही रिकामं वाटत नाही.

१९ मार्च, गुरुवार

लेकीचा फोन. तिला वाजवून दाखवलं. मग म्हणाली, "आई, हुबेहूब आहे गं. बाबांना काय वाटतंय?"

"काय वाटायचंय? तेच तर शिकवतायत."

"तू विचारलंस का?"

ह्या आजकालच्या मुली! सगळं विचारायचं असतं म्हणे. नवऱ्याच्या चेहऱ्यावरून मला कळत नाही की काय?

२१ मार्च, शनिवार

जिंकले! आज काय लिहू आणि काय नको असं झालंय.

ह्यांना हट्टानं घेऊन गेले. बूट देतात त्या खिडकीशेजारी खुर्ची मांडून दिली, पायावर शाल. टिकटिक म्हणाला, ऑर्गन चढवायचा-उतरवायचा नाही म्हणजे कंबर वाचली बुवा. पहिलं गाणं सुरू करायची वेळ आली. पाय उचलला, छेडलं, दाबला. सूर उभा राहिला, आणि माणसं निघाली! निळ्या टोपीवाले आजोबा निघाले, ती भरभक्कम बाई निघाली जी नेहमी उलटं स्केटिंग करते. एकही पाय चुकला नाही. चालीशिवाय नुसता भराव होता, पण कुणाच्या ध्यानातही आलं नाही. लोकांना फिरायला ताल आणि आधार लागतो. चाल काय, ते मनातल्या मनात म्हणतात.

शेवटी मॅनेजरनं हात जोडले. मी सामान आवरत होते तेव्हा खिडकीवरची बूटवाली ह्यांना म्हणाली, "दादा, तुम्ही नाही हे कळलंच नाही बघा! डोळे मिटले तर तुम्हीच." हे हसले. मला केवढा अभिमान वाटला! ह्याहून मोठी पावती ती कोणती?

परत येताना हे डोळे मिटून बसले होते. दमले असणार.

२४ मार्च, मंगळवार

हे आज जेवताना म्हणाले, "ऑर्गन देऊन टाकू या कुणाला तरी. उगाच जागा अडते."

मी म्हटलं, "आणि तुमचा हात बरा झाल्यावर?"

"तेव्हाचं तेव्हा." मग म्हणाले, "स्पीकर मात्र ठेव. तुला लागेल."

आधी जरा कसंसंच झालं. पण खोलीत खरंच पाय ठेवायला जागा नाही. माझं स्टील, स्पीकर, शिवाय तो ऑर्गन. आणि हे स्वतःहून म्हणतायत, त्यांचा जीव त्यात अडकला असता तर म्हणाले असते का? एका शाळेत संगीताचे मास्तर आहेत, त्यांना कळवलं. ते लगेच तयार.

२८ मार्च, शनिवार

हे आले नाहीत. म्हणाले, ऐकलं की मागच्या वेळी. वाजवणं छान झालं. भरभक्कम बाई येऊन विचारत होती, "तुमचं ते रडवं वाद्य हल्ली वाजवत नाही का?" म्हटलं, "हेच ते." तिला पटेना.

३१ मार्च, मंगळवार

नीट लिहिते. नाहीतर उद्या मी स्वतःलाच वेगळं काहीतरी सांगेन.

मास्तर दोन माणसं आणि गाडी घेऊन आले. मी चहा करायला आत गेले. मास्तरांनी विचारलं असणार, "सगळं चालतं ना?" कारण ऑर्गनचं बटण लागल्याचा आवाज आला आणि मग वाजायला लागलं. चाल होती. शेवटच्या वाल्ट्झची, माझी चाल. मला वाटलं, मास्तर वाजवतायत, आणि वाजवतायत बुवा सुरेख. मग मधली ओळ आली. तिथे मी कांडी वर नेता नेता जरा अडखळते आणि मग सोडून देते. ते माझं स्वतःचं आहे, कुठे लिहिलेलं नाही. ते तसंच्या तसं आलं. ऑर्गनला घसरता येत नाही, तरी दोन पट्ट्या अशा काही एकीतून एक सोडल्या की घसरल्यासारखं वाटलं.

मी ट्रे घेऊन दारात आले. हे बसले होते. डावा हात मांडीवर, उजवा पट्ट्यांवर.

"हे कधी बसवलंत?" मी विचारलं.

"तू वाजवायचीस तेव्हा," हे म्हणाले. "तू माझं वाजवायचीस ना, मी तुझं वाजवायचो."

मुक्या पट्ट्यांवर! मी बटण लावू दिलं नव्हतं म्हणून. आणि मी लिहून ठेवलंय इथे, की चुका ताडून बघतायत. डाव्या हाताचं काम माझं, उजव्याचं ह्यांचं. भराव मी दिला असता, चाल ह्यांनी वाजवली असती, शनिवारी शेजारी शेजारी बसलो असतो. इतकी साधी गोष्ट! पण चाल म्हणजे मी, हे माझ्या डोक्यात इतकं पक्कं बसलेलं की दुसरं काही शिरायला फटच नव्हती.

मास्तर म्हणाले, "वा! मग उचलू या?"

आणि मी गप्प बसले. हातात ट्रे, घरात परकी माणसं, खाली गाडी उभी. आता नको म्हटलं तर काय दिसेल, असं वाटलं मला. काय दिसेल! त्या दोघांनी ऑर्गन उचलला, दार अरुंद म्हणून तिरका केला, आणि नेला. मी तर त्यांना म्हटलं, "कोपऱ्याला जपून."

२ एप्रिल, गुरुवार

भिंतीवर ऑर्गनच्या मापाचा स्वच्छ चौकोन आहे. तो घालवायचा तर सगळी भिंत पुसावी लागेल.

४ एप्रिल, शनिवार

वाजवलं. सगळं बरोबर वाजलं. वाल्ट्झच्या मधल्या ओळीत, मी जिथे भोक बुजवलंय तिथे आल्यावर एकदम कळलं ती कशाची जागा होती ते. तिथे मी असायचे. माझी चाल वर जायची तेव्हा हे हात काढून घ्यायचे, मला मोकळं मैदान. तीस वर्षं! आणि मी त्याला आळस म्हटलं, त्यांच्या तोंडावर.

टिकटिकला सामान भरताना सांगितलं. तो दोऱ्या बांधत म्हणाला, "वहिनी, मला वाटलं तुम्हाला माहीत आहे."

७ एप्रिल, मंगळवार

ह्यांना न सांगता मास्तरांना फोन केला. पलीकडे मुलांचा गोंगाट आणि मागे तोच ऑर्गन. कुणीतरी एक बोट आपटत होतं. मास्तर म्हणाले, "मुलं सोडतच नाहीत हो त्याला! तुमचे फार उपकार." मी बरं म्हटलं आणि ठेवला.

मागे वळले तर हे. "परत मागत होतीस?"

"हो."

"दिलेलं मागू नये. पोरांना वाजवू दे."

मग मी ह्यांच्यापुढे बसून रडले. आधी कधी रडले होते आठवत नाही, मी रागावणारी बाई आहे. म्हटलं, "तुम्ही बोलला का नाहीत? एकदा ओरडायचं होतंत माझ्यावर."

"बोललो की," हे म्हणाले. "माझ्या बोलण्याएवढ्या आवाजात बोललो. तुझा स्पीकर मोठा होता."

रागानं नव्हते बोलले, तेच जास्त लागलं.

मी म्हटलं, दुसरा ऑर्गन बघू, लहानसा. हे म्हणाले, बघू. त्या बघूचा अर्थ मला कळतो. हातातला चेंडू त्यांनी खिडकीत ठेवून दिलाय. दोन दिवस तिथेच आहे.

११ एप्रिल, शनिवार

फिरता स्पीकर घरीच ठेवला. टिकटिक गाडीपाशी म्हणाला, "हे काय?" म्हटलं, "आज मी वाजवणार आहे."

जुनं स्टील वाजवलं, टण्णसकट. चाल माझी, आणि ह्यांच्या भरावाच्या जागी काही नाही. मी चार सूर वाजवायचे आणि थांबायचे, जसं नेहमी थांबायचे, ह्यांनी उचलावं म्हणून. कुणी उचलायचं नाही. तिथे नुसती चाकांची घरघर. पहिल्या गाण्यात लोक गोंधळले. निळ्या टोपीवाले आजोबा चक्क कठड्यावर आपटले आणि माझ्याकडे बघत राहिले. मॅनेजर लांबूनच हात करत होता, काय चाललंय काय. टिकटिक बिचारा एकटा सगळ्यांना ओढत होता. वाल्ट्झची मधली ओळ मी वर नेली आणि सोडली, आणि खालून काही आलं नाही. अख्खा हॉल जरासा हलल्यासारखा झाला. कुणाचा पाय कुठे पडावा ते कुणाला कळेना.

मॅनेजर म्हणाला, "काकू, मला माफ करा, पण पुढच्या शनिवारपासून टेप." मी म्हटलं, "लावा." तीस वर्षांची जागा गेली. मी राखायला निघाले होते ती.

पण मग ते आले, चाकं काढून, मोज्यांवर. आधी टोपीवाले. म्हणाले, "ऑर्गनवाले कुठे आहेत? त्यांच्याशिवाय पाय टाकता येईना." मग भरभक्कम बाई. मग बूटवाली, चेहरा पडलेला. "दादांना बरं नाही का हो?" आजारपणाला दोन महिने होत आले, आणि आज विचारलं! माझंच चुकलं. मी त्यांना विचारायला जागाच ठेवली नव्हती.

घरी आले तर हे सोफ्यावर होते. मी सगळं सांगितलं. कोण आपटलं, कोण काय म्हणालं, टेप लावणार ते. ह्यांनी टोपीवाल्यांचं बोलणं मला दोनदा सांगायला लावलं.

मग म्हणाले, "आणि वाल्ट्झमध्ये मधे जागा सोडलीस?"

"सोडली."

"केवढी?"

"तुमच्याएवढी," मी म्हटलं.

हे बराच वेळ भिंतीवरच्या त्या चौकोनाकडे बघत राहिले. उजवा हात सोफ्याच्या काठावर होता. बोटं हलत नव्हती.

मी शेजारी बसले.